पुसण्याआधी गाळा : संस्थेची जुनी ईमेल यादी

प्रश्न : आमचं वाचनालय गोव्यात, डिचोली तालुक्यातल्या एका गावात आहे. संस्थेची ईमेल यादी २००४पासूनची. तीन कार्यवाहांच्या हातांतून फिरून ती गेल्या वर्षी माझ्याकडे आली, तेव्हा तिच्यात १,६४० नावं होती. व्याख्यानमालेचं निमंत्रण मी जीमेलवरून चारशे-चारशेचे गठ्ठे करून एकाच दुपारी पाठवायला घेतलं. पहिला गठ्ठा गेला, दुसऱ्यावर जीमेलने अडवलं. संध्याकाळपर्यंत 'पोचलं नाही' असे दीडशेच्या वर मेल परत आले. एका सभासदाने सगळ्यांनाच उत्तर पाठवलं आणि त्यावरून वाद झाला. दोन वर्षांपूर्वी वारलेल्या एका सभासदाच्या मुलीने लिहिलं, 'बाबांना निमंत्रण पाठवणं आता तरी थांबवाल का?' समितीचं म्हणणं, सगळं पुसा आणि नव्याने सुरू करा. तसं करू का? यादी माझ्या स्वतःच्या जीमेल खात्यात आहे आणि माझ्या फोनमधले नंबरही त्याच खात्यात आहेत.
– कार्यवाह, एक ग्रामीण वाचनालय

नमस्कार ताई,

पुसू नका. निदान आत्ता तरी नाही. समितीचा वैताग रास्त आहे, पण अख्खी यादी पुसली की ज्यांना पाठवायचं नाही त्यांची नोंदही पुसली जाते. मग पुढच्या वर्षी कुणीतरी उत्साहाने जुन्या हजेरीवहीतून नाहीतर आधीच्या कार्यवाहांच्या लॅपटॉपमधून नावं उतरवून काढणार, आणि त्या मुलीच्या घरी पुन्हा निमंत्रण जाणार. म्हणून नाव काढायचं ते 'पाठवू नये' अशा वेगळ्या पानावर हलवायचं, कारण आणि तारीख लिहून. पुढे कुठूनही नवी नावं आली तरी आधी या पानाशी ताडून पाहायची. बाकीचं सगळं या एका सवयीभोवती फिरतं.

आधी त्या दुपारी काय झालं ते. साध्या जीमेल खात्यातून २४ तासांत साधारण ५०० जणांना पाठवता येतं. एका मेलला ५०० पत्ते जोडले तर तेवढ्यातच दिवसाचा कोटा संपतो. तुमचा दुसरा गठ्ठा आठशेवर जात होता, म्हणून अडला. अशी अडवणूक एका तासापासून २४ तासांपर्यंत टिकते आणि आपोआप सुटते. त्या काळात पुन्हा पुन्हा 'सेंड' दाबत बसू नका. न पोचणारे मेल फार झाले की त्याचाही परिणाम होतो. ज्या खात्यातून मेल्या पत्त्यांवर ढिगाने पत्रं जातात, त्याच्याकडे मेलसेवा संशयाने पाहायला लागतात आणि मग जिवंत, रोज वाचणाऱ्या सभासदांकडेही तुमचं निमंत्रण स्पॅममध्ये पडतं. 'कुणी येतच नाही हो व्याख्यानाला' या तक्रारीमागे कधी कधी एवढंच असतं. आणि सगळ्यांना उत्तर देणारे ते गृहस्थ? पत्ते 'टू'मध्ये टाकले होते, म्हणून त्यांना ते जमलं. 'बीसीसी'मध्ये, म्हणजे एकमेकांना पत्ते न दिसणाऱ्या रकान्यात, टाकले असते तर त्यांचं उत्तर फक्त तुमच्याकडे आलं असतं. दोष सगळा त्यांचा नाही.

आता काम. घाई करू नका, रविवारची एक सकाळ पहिल्या टप्प्याला पुरते.

संगणकावर गूगल कॉन्टॅक्ट्स उघडा, 'एक्सपोर्ट' दाबा आणि सगळे संपर्क 'गूगल सीएसव्ही' (तक्त्यासारखी उघडणारी साधी फाइल) प्रकारात उतरवून घ्या. लगेच आणखी एकदा, 'व्हीकार्ड' (फोनलाही वाचता येणारी संपर्कांची फाइल) प्रकारात. दोन्ही फाइलींच्या नावात तारीख घाला, एक प्रत पेनड्राइव्हवर ठेवा आणि या मूळ फाइलींना पुन्हा हात लावू नका. काम करायचं ते प्रतीवर. गूगल कॉन्टॅक्ट्समध्ये पुसलेलं नाव ३० दिवस 'बिन'मध्ये राहतं, आणि 'अनडू चेंजेस'ने सगळी यादी मागच्या ३० दिवसांतल्या एखाद्या क्षणाला परत नेता येते. पण त्या क्षणानंतर भरलेली नवी नावंही त्यात जातात. म्हणून भरवसा त्याच्यावर नको, फाइलीवर ठेवा.

फोनचं तर फारच सांभाळा. अँड्रॉइड फोन त्याच खात्याशी सिंक असेल, तर संगणकावर पुसलेलं नाव फोनमधूनही जातं. भाचीचा नंबर, गॅसवाल्याचा, डॉक्टरांचा, सगळे त्याच डब्यात आहेत. आमचं मत विचाराल तर संस्थेची यादी तुमच्या खात्यात असूच नये. वाचनालयाच्या नावाने वेगळं खातं काढा, दोन टप्प्यांची पडताळणी (पासवर्डनंतर आणखी एक खात्री) लावा, आणि खातं परत मिळवण्यासाठी लागणारे फोन व ईमेल तुमचा आणि अध्यक्षांचा असे दोन्ही द्या. पुढच्या निवडणुकीत कार्यवाह बदलले की खात्याच्या किल्ल्या तेवढ्या हातात द्यायच्या, यादी या फोनमधून त्या फोनमध्ये हलवायची नाही. तुमची यादी ज्या तीन घरांतून फिरली, तिथेच तिचा निम्मा चोथा झालेला असणार.

सीएसव्ही फाइल एक्सेलमध्ये दोनदा टिचकी मारून उघडू नका. देवनागरीत लिहिलेली नावं उघडल्याबरोबर चित्रविचित्र अक्षरं होतात, आणि ०८३२ने सुरू होणाऱ्या घरच्या फोन नंबरातलं पहिलं शून्य गायब होतं. ती फाइल तशीच सेव्ह केली की नुकसान कायमचं. एक्सेलच वापरायचं असेल तर 'डेटा'मधून 'टेक्स्ट/सीएसव्ही' घेऊन, 'फाइल ओरिजिन'मध्ये 'यूटीएफ-८' (देवनागरी नीट दाखवणारा अक्षरसंच) निवडून आणि नंबराचा रकाना 'टेक्स्ट' ठरवून आत आणा. त्याहून सोपं म्हणजे गूगल शीट्समध्ये इम्पोर्ट करा आणि त्या वेळी 'मजकुराचं आकड्यांत रूपांतर' करण्याची खूण काढून टाका. पहिल्या ओळीतली रकान्यांची इंग्रजी नावं बदलू नका. परत भरताना गूगल त्यावरूनच काय कुठे ठेवायचं ते ओळखतं. काही रकान्यांत दोन पत्ते एकाच घरात, मध्ये तीन कोलन घालून बसलेले दिसतील. एका माणसाचे दोन ईमेल असले की गूगल कधी कधी ते असे जोडतं. ते आधी वेगळे करा, नाहीतर पुढची सगळी तुलना चुकते.

शीटमध्ये उजवीकडे पाच नवे रकाने घाला : स्वच्छ पत्ता, पत्त्याची सेवा (@नंतरचा भाग), नाव कुठून आलं, शेवटचा संबंध कधी आला, आणि निर्णय. स्वच्छ पत्त्यासाठी 'ट्रिम' आणि 'लोअर' ही दोन सूत्रं एकात एक घालून वापरा. पुढच्या-मागच्या मोकळ्या जागा जातात आणि सगळी अक्षरं लहान होतात. वेबपानावरून किंवा वर्डमधून चिकटवलेल्या पत्त्यांत न दिसणारी जागा राहते, तिला 'ट्रिम' हात लावत नाही. ती जागा एकदा कॉपी करून 'शोधा आणि बदला'मध्ये टाका. पत्त्याच्या शेवटी चिकटलेला पूर्णविराम, स्वल्पविराम, अर्धविरामही त्याच फेरीत जातील.

दुबार नावं काढायला 'रिमूव्ह डुप्लिकेट्स'चं बटण दाबायचा मोह होईल. दाबू नका. ते पहिली ओळ ठेवतं आणि दुसरी मुकाट्याने फेकून देतं, आणि नेमका नवा फोन नंबर त्या दुसऱ्या ओळीत असतो. त्याऐवजी 'काउंटइफ'ने प्रत्येक स्वच्छ पत्ता किती वेळा आला ते मोजा, एकापेक्षा जास्त असलेले एकाखाली एक आणा आणि माहिती एका ओळीत हाताने गोळा करा. गूगल कॉन्टॅक्ट्समधलं 'मर्ज अँड फिक्स' हेच काम आपोआप करू पाहतं. घरगुती यादीला ते ठीक, पण तुमच्या यादीत एकाच ईमेलवर नवरा-बायको दोघंही सभासद असू शकतात. त्यांना एक करून टाकलंत तर एकाचं सभासदत्व कागदावरून नाहीसं होतं.

जीमेलच्या पत्त्यात @च्या आधी टिंब असलं काय, नसलं काय, खातं एकच. त्यामुळे टिंब वगळूनही एकदा तुलना करा. बरेच दुबार तिथे सापडतात. ही सवलत फक्त जीमेलची. याहू किंवा रेडिफवर टिंबाने माणूस बदलतो.

नावावरून दुबार शोधायला जाऊ नका, गोव्यात तर मुळीच नाही. बोरकर कधी 'के'ने, कधी 'सी'ने लिहिलेले असतात. देसाईंना एक 'एस' असतो नाहीतर दोन. गावकरांची तर चार रूपं. गावांचंही तेच. साखळी, म्हापसा, केपें, काणकोण ही नावं रोमन लिपीत पोर्तुगीज वळणाने येतात आणि उच्चाराप्रमाणेही येतात. जुळवाजुळव ईमेलवरून आणि फोनच्या शेवटच्या दहा आकड्यांवरून करा. गावासाठी मात्र एकच लेखन ठरवा, म्हणजे 'फक्त डिचोली आणि सत्तरी' असं गाळून पाहता येईल. यादीत 'भाटकार, मडगांव, पेटी' एवढंच लिहिलेल्या ओळीही असतील. त्या पुसू नका. कुणातरी जुन्या कार्यकर्त्याला हे पेटीवाले भाटकार कोण ते ठाऊक असतं. अशा ओळी एका कागदावर छापून पुढच्या सभेत फिरवा. चहा होईपर्यंत निम्म्या ओळखल्या जातात.

मग पत्ते सेवेप्रमाणे लावून पाहा. 'डेटा'मध्ये मजकूर रकान्यांत फोडायची सोय आहे, तिथे विभाजक म्हणून @ द्या. आता सेवेच्या नावावर क्रम लावलात की यादीचं वय डोळ्यांसमोर येतं. २००४ची यादी म्हणजे गोवाटेलिकॉम.कॉम, संचारनेट.इन, व्हीएसएनएलची लांबलचक नावं, इंडियाटाइम्स हे सगळं सापडणार. ही डायल-अपच्या काळातली वस्ती. इंडियाटाइम्सची मेलसेवा २०१३मध्ये बंद झाली. बाकीच्यांवरही आशा ठेवण्यात फारसा अर्थ नाही. त्यांना चाचणीचा मेलसुद्धा पाठवू नका, सरळ फोन करा. हॉटमेलचे पत्ते मात्र अजून चालतात. हॉटमेल आता आउटलुक झालं म्हणून पत्त्याचा मागचा भाग कुणी आपल्या मनाने बदलू नये. त्याच नावाचा आउटलुकवाला वेगळाच माणूस असू शकतो. याहू.कॉम आणि याहू.को.इन यांचंही तसंच.

याहूच्या पत्त्यांकडे आणखी एका कारणाने लक्ष द्या. २०१३मध्ये याहूने वर्षभर न वापरलेली नावं मोकळी करून मागेल त्याला दिली. म्हणजे २००६मध्ये फोंड्याच्या एका मास्तरांचा असलेला पत्ता आज कुठल्यातरी परक्या माणसाकडे असू शकतो. मेल परत येत नाही, तुम्हाला वाटतं पोचला, आणि तिकडे तो माणूस दर वेळी 'स्पॅम' दाबतो. जीमेलचं तसं नाही. दोन वर्षं न वापरलेली वैयक्तिक खाती गूगल डिसेंबर २०२३पासून काढून टाकतंय, पण तो पत्ता पुन्हा कुणाला देत नाही. तिथे पाठवलेला मेल परतच येतो. म्हणून न परतणारा जुना याहू पत्ता हा परतणाऱ्या जीमेलपेक्षा जास्त त्रासाचा.

सरकारी पत्ते पदाचे असतात. ज्या संचालकांना तुम्ही २०११मध्ये यादीत घेतलंत ते केव्हाच निवृत्त झाले, पत्ता मात्र चालू आहे आणि खुर्चीवर चौथा माणूस आहे. शिवाय एनआयसी.इनचे बरेच पत्ते आता जीओव्ही.इनवर गेले आहेत. अशा ओळीत माणसाचं नाव काढून पद लिहा आणि हल्लीचा पत्ता खात्याच्या संकेतस्थळावरून उतरवून घ्या. शाळांच्या मुख्याध्यापकांनाही हेच लागू.

हाताने लिहिताना झालेल्या चुका याच क्रमवारीत वर येतात. जीमेलची अक्षरं उलटसुलट, 'कॉम'च्या जागी 'कॉन', रेडिफमेलमध्ये एक 'एफ'. अशा उघड चुका दुरुस्त करा, पण ओळीवर खूण ठेवा. दुरुस्त पत्त्यावर उत्तर येईपर्यंत तो संशयितच.

आता परत आलेले दीडशे मेल. ते पुसले नसतील तर उत्तम, कारण यादी साफ करायला त्यांच्याइतका भरवशाचा पुरावा दुसरा नाही. जीमेलच्या शोधपट्टीत 'मेलर-डिमन' शोधा म्हणजे सगळे एकत्र येतील. बहुतेकांत तीन आकड्यांचा, टिंबांनी तोडलेला एक संकेत असतो. ५.१.१ म्हणजे असा पत्ताच नाही. अक्षरं एकदा तपासा, बरोबर असतील तर नाव हलवा. ५.१.२ किंवा 'डोमेन सापडलं नाही' म्हणजे सेवेचं नाव चुकलं आहे नाहीतर सेवा बंद आहे. ५.२.२ म्हणजे पेटी भरली. इथे थांबा, कारण माणूस हयात आणि व्यवस्थित असू शकतो. जीमेलची फुकट १५ जीबी जागा मेल, ड्राइव्ह आणि फोटो मिळून असते. चवथीच्या आरतीचे आणि नातवंडांचे व्हिडिओ साठले की पेटी भरते आणि मेल येणं थांबतं, हे त्या माणसाच्या अनेकदा लक्षातही येत नाही. अशांना फोन करा. तुमच्या निमंत्रणापेक्षा 'तुमचे सगळेच मेल अडकलेत' ही बातमी त्यांना जास्त उपयोगाची आहे.

५.७ने सुरू होणारे संकेत पत्त्याबद्दल काही सांगत नाहीत. समोरच्या सेवेने तुमचा मेल नाकारला, एवढाच त्याचा अर्थ. एकदम फार पाठवल्याने किंवा जोडलेल्या जड पीडीएफमुळे शंका आली असेल. या ओळी यादीतून काढू नका. ४ने सुरू होणारे संकेत तात्पुरते. जीमेल दोन-तीन दिवस स्वतःच पुन्हा प्रयत्न करतं आणि नाहीच पोचलं तर शेवटचं पत्र धाडतं. पहिल्या 'उशीर होतोय'वर नाव कापणं ही नेहमीची चूक.

एवढं झालं की १,६४०पैकी किती उरतात ते आम्ही सांगू शकत नाही, आणि आकड्याला महत्त्वही नाही. उरलेल्यांचे तीन ढीग करा. पहिला, चालू वर्गणीदार आणि ज्यांचं मागच्या तीन वर्षांत एकदा तरी उत्तर आलं ते. कुणाचा मेल शेवटचा कधी आला हे जीमेलमध्ये 'फ्रॉम', कोलन आणि त्यांचा पत्ता टाकून लगेच दिसतं. पण यादी आली गेल्या वर्षी, तेव्हा त्याआधीची उत्तरं मागच्या कार्यवाहांच्या खात्यात असतील. पहिल्या दोन-तीनशे नावांपुरतं त्यांना शोधायला सांगा. दुसरा ढीग, नाव कुठून आलं ते ठाऊक आहे पण बरीच वर्षं काही संबंध नाही. तिसरा, काहीच ठाऊक नाही. तिसऱ्या ढिगाला ईमेल पाठवायचाच नाही. फोन असेल तर फोन, नसेल तर 'पाठवू नये' पानावर, कारण 'मूळ अज्ञात'. समितीत कुणीतरी म्हणेल, 'एकदा पाठवून बघायला काय जातं?' जातं ते खात्याचं नाव, आणि ते परत मिळवायला महिने लागतात.

दुसऱ्या ढिगाला विचारणा पाठवा. दिवसाला पन्नासपासून सुरुवात, आठवड्यानंतर शंभर. सगळे पत्ते बीसीसीमध्ये. जोडपत्र नाही, चित्र नाही, दुवा असलाच तर एक. विषयात वाचनालयाचं पूर्ण नाव आणि गाव. मजकूर साधारण असा :

'नमस्कार. आमच्या वाचनालयाच्या कार्यक्रमांची निमंत्रणं तुम्हाला पूर्वी या पत्त्यावर येत असत. यादी आता नव्याने करत आहोत. पुढेही निमंत्रण हवं असेल तर या मेलला नुसतं "हो" असं उत्तर द्या. पत्ता बदलला असेल तर नवा कळवा. उत्तर आलं नाही तर आम्ही तुमचं नाव काढून ठेवू आणि पुन्हा त्रास देणार नाही. – कार्यवाह, फोन सकाळी १० ते १.'

उत्तर न देणं म्हणजे 'नको', हे त्यात स्पष्ट असू द्या. उलटं ठेवलंत, म्हणजे 'नको असेल तर कळवा' असं, तर यादी जशी होती तशीच राहील. तीन आठवड्यांनी एकदाच आठवण द्या. चवथीच्या आठवड्यात आणि गावोगावच्या जत्रांच्या दिवसांत पाठवू नका. त्या दिवसांत गोव्यात मेल कोण वाचतो? उत्तरं यायला लागली की तारीख 'शेवटचा संबंध'मध्ये लिहा. 'नको' म्हणणाऱ्याला कारण विचारू नका, आभारही एका ओळीत.

वारलेल्या सभासदांचं काम वेगळं आणि हातानेच करायचं. विचारणेचा मेल सुटण्याआधी यादी घेऊन दोन जुन्या सभासदांजवळ बसा. कोण गेलं हे गावात माहीत असतं, संगणकाला नसतं. त्या पत्त्यांवर काहीच पाठवू नका, सांत्वनाचं पत्रही नाही. घरच्यांकडे तो फोन अजून चालू असतो. तुम्हाला लिहिणाऱ्या मुलीला उत्तर दिलं नसेल तर आजच द्या, तुमच्या स्वतःच्या नावाने : 'तुमचं पत्र वाचलं. बाबांचं नाव आम्ही त्याच वेळी काढायला हवं होतं, ते राहिलं याबद्दल क्षमस्व. आज काढलं आहे.' यंत्रावर ढकलू नका, आणि 'तुम्हाला निमंत्रण पाठवू का?' हे त्याच पत्रात तर मुळीच विचारू नका. 'पाठवू नये' पानावर त्यांच्या ओळीत पत्ता, 'निधन' आणि तारीख एवढंच ठेवा. बाकीची माहिती, फोन, जन्मतारीख, घरचा पत्ता, काढून टाका; ती ठेवायचं काही कारण उरलेलं नाही.

साफ झालेली यादी वाचनालयाच्या नव्या खात्यात भरा. एका वेळी ३,००० नावांपर्यंत इम्पोर्ट होतात, तुमचं एका फेरीत होईल. आधी पाच ओळींची छोटी फाइल भरून पाहा. नावं देवनागरीत नीट दिसली आणि फोन पूर्ण आले की मग सगळी. भरताना 'सभासद', 'वक्ते', 'शाळा', 'पत्रकार' अशी लेबलं लावा. व्याख्यानमालेचं निमंत्रण सगळ्यांना, पण पुस्तकं परत करायची आठवण फक्त सभासदांना, हे मग जमतं. त्यानंतरच तुमच्या खात्यातली संस्थेची नावं पुसा, आणि तीही लेबल लावून, निवडून. पुसल्यावरही 'टू'मध्ये दोन अक्षरं टाकली की जुने पत्ते डोकं वर काढतील. ते 'अदर कॉन्टॅक्ट्स'मधून येतात. ज्यांना ज्यांना तुम्ही मेल पाठवलात ते गूगलने तिथे आपोआप साठवलेले असतात. तिथूनही पुसा, आणि नव्या खात्याच्या जीमेल सेटिंग्जमध्ये ही आपोआप साठवण बंदच करा.

आणि दोन गोष्टी करू नका. 'तुमची यादी फुकट तपासून देतो' म्हणणाऱ्या संकेतस्थळांवर फाइल चढवू नका. आपल्या सभासदांचे पत्ते परक्याच्या हवाली करण्याचा तो सगळ्यांत सोपा मार्ग आहे. दुसरं, मेल पाठवणारी एखादी सेवा पुढे घ्यायची झाली तर 'पाठवणारा' म्हणून जीमेल.कॉमचा पत्ता देऊ नका, असे मेल बहुधा स्पॅममध्ये जातात. संस्थेचं स्वतःचं डोमेन (पत्त्यातलं @नंतरचं नाव) घ्या. पाच-सातशे नावांना मात्र या सगळ्याची गरज नाही. रोज शंभर, बीसीसीत, आठवडाभर, एवढं पुरतं.

कायद्याचं थोडक्यात. डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायदा २०२३चा. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५मध्ये अधिसूचित झाले आणि ते टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. तुमच्यापुरता त्यातला मुद्दा असा : संमती घ्यायची, कशासाठी ते सांगायचं, आणि संमती काढून घेणं हे ती देण्याइतकंच सोपं ठेवायचं. 'हो' म्हणणारी उत्तरं म्हणूनच पुसू नका, एका लेबलाखाली जपून ठेवा.

नवी नावं दाराशी ठेवलेल्या वहीतूनच येणार. वहीत नाव, ईमेल, फोन आणि 'निमंत्रण हवं' असे चार रकाने आखा, आणि ईमेलचा रकाना बाकी तिघांच्या दुप्पट रुंद ठेवा. अर्धे पत्ते तिथेच बिघडतात, कारण जागा पुरत नाही आणि माणूस अक्षरं दाबून लिहितो. एक आणि 'एल', शून्य आणि 'ओ', आडवी रेघ वरची की खालची, हे वहीजवळ बसलेल्या कार्यकर्त्याने तिथल्या तिथे वाचून खात्री करून घ्यावं. कार्यक्रमानंतर दोन दिवसांत त्या पत्त्यांना आभाराचा छोटा मेल पाठवा. परत आला तर फोन करून दुरुस्त करायला आठवण ताजी असते.

उरले आधीचे तिन्ही कार्यवाह. त्यांच्या खात्यांत, फोनमध्ये, कदाचित एखाद्या जुन्या सीडीवर ही यादी अजून आहे. नवी यादी तयार झाली की तिघांना स्वतः भेटा, त्यांच्याकडची प्रत मागून घ्या, तुमच्याकडे नसलेलं एखादं नाव तिच्यात असेल तर तेवढं 'पाठवू नये' पानाशी ताडून घ्या, आणि मग त्यांच्या खात्यातली संस्थेची नावं त्यांच्यासमोरच काढायला मदत करा. त्यांतल्या एकाने जरी पुढच्या दिंडीचं निमंत्रण जुन्या यादीवर पाठवलं, तर तुम्ही काढलेली सगळी नावं पुन्हा मेल घेऊन तुमच्याच दारात येतील.